कोरियाला हरवल्यानंतर : हांगझोऊ २०२३ आणि भारतीय पुरुष व्हॉलीबॉल संघ

२०२३ साली गणपती बसले ते १९ सप्टेंबरला. त्याच दिवशी चीनमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या पुरुष व्हॉलीबॉल संघाचा पहिला सामना झाला. स्पर्धेचं उद्घाटन २३ तारखेला होतं, पण व्हॉलीबॉल आधीच सुरू झालं होतं. समोर कंबोडिया होता, त्यामुळे पंचवटीतल्या आमच्या ग्राउंडवर त्याची चर्चाही नव्हती. चर्चा करायला होतं कोण? निम्मी पोरं ढोलपथकात. गणपतीचे दहा दिवस नाशकात नेट बांधायचीच नाही, हा आमचा अलिखित नियम.

दुसऱ्या दिवशी पोरांच्या ग्रुपवर एकच ओळ आली : ‘सर, कोरिया गेला!’

कोरिया म्हणजे दक्षिण कोरिया. १९६६ पासून प्रत्येक आशियाई स्पर्धेत हा संघ पुरुष व्हॉलीबॉलचं काही ना काही पदक घेऊनच घरी गेलेला. १९७८, २००२ आणि २००६ ला तर सुवर्ण. २०१८ ला रौप्य. त्यांना आपण पाच सेटमध्ये हरवलं होतं : २५-२७, २९-२७, २५-२२, २०-२५, १७-१५. गौरीपूजनाच्या दिवशी, २२ तारखेला, चिनी तैपेईला, म्हणजे तैवानला, सरळ तीन सेटमध्ये गारद केलं : २५-२२, २५-२२, २५-२१. आता आमच्या ग्रुपवर पदकाचा रंग कोणता एवढाच वाद उरला होता.

रविवारी जपानने आपल्याला ३-० ने हरवलं : १६-२५, १८-२५, १७-२५. मंगळवारी पाचव्या क्रमांकाच्या सामन्यात पाकिस्ताननेही ३-० ने : २१-२५, २०-२५, २३-२५. आपण सहावे आलो. ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी अनंत चतुर्दशी होती, सगळे मिरवणुकीत.

प्रकरण एवढंच. आठ दिवस, पाच सामने, तीन विजय, दोन पराभव. मी ते लिहून काढायला बसलो त्याचं कारण हांगझोऊ नाही, आमचीच पोरं आहेत. दिवाळीनंतर निफाडकडच्या एका गावात रात्रीचे सामने होते. एकदिवसीय, रोख बक्षीस, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पंचांची खुर्ची. तिथे दरवर्षी बक्षीस नेणाऱ्या संघाला आम्ही तिसऱ्या सेटमध्ये दोन गुणांनी पाडलं. पोरांनी लिफ्टरला, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणाऱ्याला, खांद्यावर घेतलं, कुणीतरी हलगी मिळवली. पुढच्या सामन्यात, ज्यांचं नावही कुणी धड ऐकलं नव्हतं अशा संघाने आम्हाला दोन सेटमध्ये घरी पाठवलं. परतीच्या जीपमध्ये मागून आवाज आला, “सर, फायनल तर आपण आधीच जिंकलो होतो ना.”

त्या वाक्याने मला झोप आली नाही. पोरगं खोटं बोलत नव्हतं, त्याला मनापासून तसंच वाटत होतं. पुढच्या आठवड्यात सराव बंद ठेवून मी सगळ्यांना पायऱ्यांवर बसवलं, फळा आणला आणि हांगझोऊचे आकडे लिहिले. आमचा सामना लिहिला असता तर जो-तो पंचांच्या निर्णयावर घसरला असता. देशाचा संघ सगळ्यांनाच आपला आणि कुणाचाच नाही, त्याच्यावर शांतपणे बोलता येतं.

पहिली बेरीज मी लिफ्टरला करायला लावली. कोरियाविरुद्धच्या पाच सेटमध्ये आपले एकूण गुण किती, त्यांचे किती? त्याने दोनदा केली, कारण पहिल्यांदा त्याचा विश्वास बसला नाही. ११६ आणि ११६.

म्हणजे अडीच तासांच्या झुंजीत दोन्ही संघांनी अगदी सारखे गुण घेतले होते. आपण जिंकलो कारण आपले गुण योग्य सेटमध्ये पडले. चौथा सेट पाच गुणांनी गेला काय आणि एका गुणाने गेला काय, सेट एकच जातो. दुसरा सेट २९-२७ ऐवजी २७-२९ झाला असता तर सामना चार सेटमध्ये संपला असता, कोरियाच्या बाजूने. यात विजयाला कमी लेखायचं नाही. २७-२७ वर मान खाली न घालणं ही कमाईच आहे, आणि पाचव्या सेटमध्ये १५-१५ नंतर सलग दोन गुण काढायला काळीज लागतं. पण बरोबरीच्या सामन्यात जिंकणं आणि वरचढ असणं, यांत फरक आहे. आमची पोरं, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा, त्या रात्री दुसरं समजून बसलो होतो.

आता थोडं खेळाच्या गणिताबद्दल. ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

जुन्या पद्धतीत, म्हणजे नव्वदच्या दशकाअखेरपर्यंत, ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळायचा. समोरच्याने रॅली जिंकली तर फक्त सर्व्हिस बदलायची. आमच्या ग्राउंडवर संध्याकाळी फिरायला येणारे सत्तरीतले एक आजोबा अजूनही अशा वेळी ‘सर्व्हिस चेंज!’ असंच ओरडतात. आता प्रत्येक रॅलीला गुण. पण खाली गणित तेच राहिलं आहे. सर्व्हिस उचलणाऱ्या संघाकडे पहिला पास, मग लिफ्ट, मग स्मॅश अशी रचलेली चढाई असते, म्हणून मोठ्या पुरुष संघांच्या सामन्यात साधारण तीनपैकी दोन वेळा गुण त्यालाच मिळतो. सर्व्हिस करणाऱ्याने गुण काढला तर तो खरा फायदा, त्याला ब्रेक म्हणायचं. दोन्ही संघ सर्व्हिस परत मिळवतात ते आळीपाळीने, त्यामुळे त्या गुणांत एखाद्याचाच फरक पडू शकतो. उरलेला सगळा फरक ब्रेकचा. सेट २५-१६ ला गेला याचा अर्थ समोरच्याने आपल्यापेक्षा नऊएक ब्रेक जास्त काढले.

या चष्म्यातून हांगझोऊ बघा. कंबोडियाविरुद्ध (२५-१४, २५-१३, २५-१९) आपण २९ गुणांनी पुढे. कोरियाविरुद्ध शून्य. तैपेईविरुद्ध १० ने पुढे. जपानविरुद्ध २४ ने मागे. पाकिस्तानविरुद्ध ११ ने मागे. तैपेईला ज्या फरकाने आपण हरवलं, जवळपास त्याच फरकाने पाकिस्तानने आपल्याला हरवलं. एकाला आपण ‘दणदणीत’ म्हणालो आणि दुसऱ्याला ‘थोडक्यात हुकलं’.

जपानच्या सामन्यात मला सगळ्यात जास्त काय खुपलं असेल तर तिन्ही सेटचा सारखेपणा. १६, १८, १७. कोरियाविरुद्ध आपले सेट वर-खाली नाचत होते, कुठे तीनने वर, कुठे पाचने खाली. जपानविरुद्ध कुठलाच सेट वाहवत गेला नाही आणि कुठलाच हातातोंडाशीही आला नाही. वाईट दिवस असता तर एखादा सेट १०-१२ वर कोसळला असता आणि एखादा २३-२४ पर्यंत गेला असता. तीन वेळा तेच उत्तर येतं तेव्हा गणित बरोबर असतं आणि आपणच कमी असतो.

पायऱ्यांवर बसलेल्यांनी कारणं भराभर दिली.

पहिलं कारण थकवा. पाच सेट खेळून दमले असतील. तारखा फळ्यावरच होत्या : २०, २२, २४, २६. कोरियानंतरच्या प्रत्येक सामन्याआधी एक पूर्ण दिवस मोकळा. आणि दमलेला संघ दोन दिवसांनी तैपेईला तीन सेटमध्ये हरवतो होय? हे कारण पुसलं.

दुसरं उंची. हे कारण महाराष्ट्रात प्रत्येक पराभवाला चिकटवलं जातं, लग्नात अक्षता वाटाव्यात तसं. आपला सेंटर ब्लॉकर अश्वल राय किंवा स्मॅशर अमित यांना कुणी बुटकं म्हणणार नाही. उलट जपानचा मुख्य संघ जगातल्या वरच्या संघांमध्ये ठेंगणाच गणला जातो, आणि त्याच संघाने त्या २०२३ च्या उन्हाळ्यात नेशन्स लीगमध्ये जगाच्या मातब्बरांशी खेळून कांस्य मिळवलं. तरीही शेवटी कुणीतरी म्हणालंच, “पण सर, उंची असती तर...” असती तर बरं झालं असतं, ते मान्य.

तिसरं मी स्वतः सांगितलं आणि ते ऐकून सगळे गप्प झाले. हांगझोऊत जपानचा तो मुख्य संघ नव्हताच. त्याच सुमारास टोकियोत पॅरिस ऑलिम्पिकची पात्रता स्पर्धा होती, त्यामुळे इशिकावा, निशिदा वगैरे मंडळी तिकडे गुंतलेली. आशियाई स्पर्धेला त्यांची दुसरी फळी आली. त्या दुसऱ्या फळीने आपल्याला २४ गुणांनी मागे टाकलं आणि पुढे कांस्यपदकही नेलं. सुवर्ण इराणचं, रौप्य चीनचं.

चौथं कोरियाबद्दल. आपण हरवलेला कोरिया आणि १९७८ चा कोरिया एक नव्हे. आपल्याशी हरल्यावर दोन दिवसांनी पाकिस्ताननेही त्यांना ३-० ने हरवलं. ते सातवे आले, आणि १९६२ नंतर पहिल्यांदा त्यांचा पुरुष संघ आशियाई स्पर्धेतून पदकाविना परतला. आपण किल्ला जिंकला हे खरं, पण त्याच्या तटाला आधीच भगदाड होतं. आमच्या निफाडच्या रात्रीचंही तसंच. दरवर्षी बक्षीस नेणाऱ्या त्या संघाचे दोन मुख्य स्मॅशर द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या कामात अडकले होते, आलेच नव्हते. हे मला सामन्याआधीच माहीत होतं. पोरांना सांगितलं नव्हतं.

मग उरतं काय? माझं मत सरळ आहे. उरतो पहिला पास, आणि पहिला पास सुधारतो तो आपल्यापेक्षा चांगल्यांची सर्व्हिस वर्षानुवर्षं उचलून.

शंभर किलोमीटरच्या वेगाने येणारी जंप सर्व्हिस नेटच्या पलीकडून आपल्या हातापर्यंत पाऊण सेकंदाच्या आसपास पोचते. तेवढ्यात बॉल कुणाचा हे ठरवायचं, पाय हलवायचे, आणि हात अशा कोनात लावायचे की बॉल नेटजवळ लिफ्टरच्या डोक्यावर जावा. गेला, तर लिफ्टरकडे मधून शॉर्ट, म्हणजे नेटजवळचा झटपट बॉल, आहे, दोन्ही टोकं आहेत, मागून बॅक अटॅक आहे, आणि समोरचा ब्लॉक गोंधळतो. पास तीन मीटरच्या रेषेवर पडला की शॉर्ट गेला. मग टोकाला उंच बॉल द्यायचा, जो पलीकडच्या प्रत्येकाला येताना दिसतो, आणि दोन-तीन जण ब्लॉकला तयार उभे राहतात. स्मॅशर कितीही तगडा असो, भिंतीवर तो किती वेळा मारणार? अश्वलसारखा सेंटर ब्लॉकर पास चांगला असेल तरच चढाईत मोजला जातो, नाहीतर तो नुसता उडी मारून खाली येतो. जपानसमोरचे १६, १८, १७ मी असे वाचतो.

इथे इतिहास आणावा लागतो. आमच्या पोरांना भारतीय व्हॉलीबॉलचा इतिहास म्हणजे ‘जिमी जॉर्ज’ एवढाच ठाऊक, तोही एखाद्या स्पर्धेच्या बॅनरवरून.

आपला संघ १९५२ साली मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत खेळला आणि अकरा संघांत आठवा आला. १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत कांस्य. त्या काळी आशियात नऊ खेळाडूंचं व्हॉलीबॉलही जोरात होतं, मोठं मैदान, रोटेशन (खेळाडूंनी क्रमाने जागा बदलणं) नाही, आणि आशियाई स्पर्धेत दोन्ही प्रकार होते. आपलं कांस्य सहा जणांच्या खेळातलं. चार वर्षांनी जकार्तात रौप्य, जपानच्या पाठोपाठ. म्हणजे १९६२ साली आशियात जपान पहिला आणि आपण दुसरे. दोन वर्षांनी टोकियो ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉल आलं. जपानच्या पुरुषांनी तिथे कांस्य घेतलं, १९६८ ला मेक्सिकोत रौप्य, १९७२ ला म्युनिकमध्ये सुवर्ण. जकार्तात आपल्या एक पायरी वर उभा असलेला संघ दहा वर्षांत ऑलिम्पिक विजेता झाला. आपण आजपर्यंत ऑलिम्पिकला पात्र ठरलेलो नाही.

त्यानंतरचं पदक यायला २४ वर्षं लागली. १९८६, सोल. चीनला सुवर्ण, यजमान दक्षिण कोरियाला रौप्य, आपल्याला कांस्य, आणि जपान आपल्या मागे चौथा. त्या संघात सिरिल वल्लूर, उदयकुमार असे खेळाडू होते आणि अर्थातच जिमी जॉर्ज. कण्णूर जिल्ह्यातल्या पेरावूरचा हा माणूस २१ व्या वर्षी अर्जुन पुरस्काराचा मानकरी झाला, अबुधाबीत खेळला आणि मग इटलीत क्लबकडून व्यावसायिक व्हॉलीबॉल खेळणारा पहिला भारतीय ठरला. सोलच्या पुढच्याच वर्षी, ३० नोव्हेंबर १९८७ ला, इटलीत मोटार अपघातात गेला. वय ३२. पोरांना त्याच्या उडीच्या गोष्टी सांगतात, हवेत थांबायचा वगैरे. मला त्याच्या उडीपेक्षा त्याचं वेळापत्रक जास्त महत्त्वाचं वाटतं. इटलीची लीग म्हणजे जगातल्या उत्तम लीगपैकी एक, तिथे दर आठवड्याला कुणीतरी तगडा सर्व्हिस घेऊन समोर उभा. आपल्या संघात असं वेळापत्रक त्याच्याशिवाय कुणाच्या वाट्याला आलं होतं?

१९८६ नंतर आशियाई स्पर्धेत पुरुष संघाला पदक नाही. पोरं लहान असताना आपण कमी नसतो, हे फार झोंबतं. २००३ साली थायलंडमध्ये मुलांची जागतिक युवा स्पर्धा झाली. ब्राझील पहिला, भारत दुसरा, इराण तिसरा. इराण आपल्या मागे! मग त्यांनी काय केलं? २०११ ला इटलीला दोनदा जगज्जेतं करणारा प्रशिक्षक हुलिओ वेलास्को आणला, २०१३ पासून वर्ल्ड लीगमध्ये शिरले आणि दर उन्हाळ्यात ब्राझील, इटली, पोलंडकडून मार खात राहिले. खाता खाता द्यायलाही लागले. २०१४, २०१८ आणि २०२३, सलग तीन आशियाई सुवर्णं त्यांची. आपली तीच पिढी मोठी झाली आणि देशी स्पर्धा, सैन्यदल-रेल्वेच्या टीम आणि अधूनमधून होणारं शिबिर एवढ्यावर राहिली. वरून संघटनेतली भांडणं. ती इतकी विकोपाला गेली की डिसेंबर २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या महासंघाला निलंबित केलं. कोण बरोबर, कोण चूक यात मला रस नाही. पंचविशीतल्या स्मॅशरची हातची वर्षं परत येत नाहीत, एवढं कळतं.

म्हणून मी फळ्यावर दोन जोड्या लिहिल्या. १९६२ : जपान-भारत. २००३ : भारत-इराण. दोन्ही वेळा शेजारी उभे होते, दोन्ही वेळा शेजारचा निघून गेला. १९६२, १९८६ आणि कोरियाचा तो बुधवार पाहिला तर आपल्याकडे चांगले दिवस आहेत. जपानकडे आणि इराणकडे चांगली वर्षं आहेत.

एका पोराने चांगला प्रश्न विचारला : “सर, आता प्राइम व्हॉलीबॉल लीग आहे ना?” आहे, आणि तिचं मोल मी कमी करणार नाही. २०२२ ला सुरू झाल्यापासून आपल्या खेळाडूंना परदेशी खेळाडूंच्या शेजारी आणि समोर उभं राहायला मिळतं, पैसे मिळतात, घरच्यांना टीव्हीवर दिसतात. पण तिथले सेट १५ गुणांचे. टीव्हीसाठी आटोपशीर, मान्य. १५ चा सेट म्हणजे पळापळ, दोन चांगल्या सर्व्हिस पडल्या की सेट खिशात. २५ च्या सेटमध्ये प्रत्येक रोटेशन दोन-तीनदा फिरून येतं आणि तुमचा सर्व्हिस उचलणारा कच्चा दुवा समोरच्याला सापडतोच. कोरियाविरुद्धचा १५ गुणांचा पाचवा सेट आपण जिंकलो आणि त्याआधीचे २५ चे चार सेट दोन-दोन असे वाटले गेले, हे पाहून मनात शंका येते. एका सामन्यावरून सिद्ध काही होत नाही, पण शंका मी काढून टाकलेली नाही.

आता आमच्या ग्राउंडकडे, कारण फळा पुसल्यावर नेट बांधावीच लागते.

आमच्याकडे येणारी निम्मी पोरं शूटिंग व्हॉलीबॉलमधून येतात. दिंडोरी, निफाड, येवला, सिन्नर, कुठेही जा, संध्याकाळी चावडीजवळ शूटिंग चालू असतं. दोन्ही हात जोडून बॉलला असा ठोका की तो नेटच्या वरून सरळ समोरच्याच्या छातीवर. हिंमत, नजर, मनगट, सगळं तयार. तयार नसतो तो मऊपणा. शूटिंगमध्ये बॉल परतवायचा असतो, इथे जिरवायचा असतो. ही पोरं सर्व्हिस इतकी जोरात ‘उचलतात’ की बॉल आपल्याच लिफ्टरच्या डोक्यावरून पलीकडे जातो आणि समोरचा स्मॅशर आयता चेपतो. निफाडला दुसऱ्या सामन्यात आमचं हेच झालं होतं. मोबाइलवर कुणाच्या तरी भावाने चित्रण केलं होतं, ते बघून मी मोजलं आणि पोरांना दाखवलं नाही, इतकं वाईट होतं.

त्यात आमचं मैदान उघडं, मुरमाचं. संध्याकाळी वारा सुटला की तरंगती सर्व्हिस कुठे जाईल ते करणाऱ्यालाही ठाऊक नसतं, म्हणून सगळेच बॉल नुसता आत टाकायला शिकतात. अशा सर्व्हिस उचलून कुणाचा पास कसा सुधारणार? हिरावाडीतल्या क्रीडा संकुलाच्या बंद हॉलमध्ये पहिल्यांदा खेळलेलं आमचं पोरगं बाहेर येऊन म्हणालं, “सर, आत बॉल लवकर येतो.” बॉल तोच, पलीकडचा हात वेगळा होता.

केलं ते साधंच. नेटपासून हातभर अंतरावर, उजवीकडे जरा सरकून, फक्कीने एक वर्तुळ काढलं. पास त्यात पडला तर मोजायचा, नाहीतर नाही. रोज सरावाआधी फक्की मारायची जबाबदारी त्या दिवशी सगळ्यात कमी पास घातलेल्याची. पहिल्या आठवड्यात एकाच पोराने चार दिवस फक्की मारली, पाचव्या दिवशी त्याने हात मऊ केले. स्मॅशचा सराव अर्ध्यावर आणला. यावर फार नाराजी झाली. व्हॉलीबॉलमध्ये सगळ्यांना स्मॅशरच व्हायचं असतं, जसं नाटकात सगळ्यांना संभाजीच व्हायचं असतं.

आणि दुसरं, हरायची सोय केली. नाशिकरोडला नोकऱ्या करणाऱ्या, पस्तिशी-चाळिशीतल्या खेळाडूंचा एक जुना संघ आहे. उडी गेली आहे, पोटं आली आहेत, पण सर्व्हिस अशी की मुरमावर ठिणगी पडावी. त्यांना म्हटलं, दादा, दर रविवारी सकाळी आमच्या पोरांशी २५ चे पाच सेट खेळा, जिंकलात तरी पाच. त्यांनी चहा-मिसळीच्या बोलीवर मान्य केलं. मिसळ आमच्याकडून. बोली महाग पडते, पण परवडते.

पहिले दोन महिने रविवारी दुपारी पोरांची तोंडं बघवत नव्हती. एकाच्या वडिलांनी फोन करून विचारलं, पोरगं रोज हरायलाच येतं का तुमच्याकडे? मी म्हटलं, रोज नाही, रविवारी. ते हसले नाहीत. दोन पोरं सोडून गेली, त्यांतलं एक खरोखर चांगलं होतं. तो निर्णय बरोबर होता का, हे मी अजून ठरवलेलं नाही. एखादी ट्रॉफी त्याला थांबवू शकली असती आणि ती मी त्याला मिळू दिली नाही.

आमच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. आधी तिच्यात ‘जिंकलो’, ‘हरलो’ आणि स्कोअर एवढंच असायचं, लाल पेनाने. गेल्या रविवारी मी ती उघडली. लिफ्टरच्या अक्षरात पाच ओळी होत्या. पहिल्या चार ओळींत सेटचे आकडे, चारही त्यांचे. पाचवीत : ‘२१-२५. ब्रेक ४ ने मागे. ३ माझ्या चुकीच्या लिफ्टने. पास चांगले होते.’ खाली दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात, पेन्सिलीने : ‘दोन होते. तिसरा माझा.’